चालायचा पट्टा घेण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका रविवारी सकाळी शेजारच्या इमारतीतल्या वहिनी आमच्या दारात उभ्या राहिल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत बिल, वॉरंटी कार्ड व हप्त्यांचा कागद. कोणाला रेशनकार्डाचा अर्ज लिहून हवा असतो, कोणाला मुलाच्या शिष्यवृत्तीचा. अशा पिशव्या आमच्या दारी नेहमीच येतात. पण या पिशवीतला विषय आम्हांलाही नवा होता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ट्रेडमिल परत द्यायची आहे. कंपनीला चांगला कडक अर्ज लिहून द्या."

वहिनी इस्पितळात आया आहेत. वय ४६. त्यांचे यजमान बसवर ड्रायव्हर. दोन वर्षांपूर्वी वहिनींना साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज अर्धा तास चालायला सांगितले. वहिनी म्हणाल्या, "दिवसभर वॉर्डात चालतेच की!" त्यावर डॉक्टरांनी सांगितले ते आपणा सर्वांच्या ध्यानात राहायला हवे. कामातले चालणे थांबत थांबत होते. त्याने पाय दुखतात, पण छातीचा भाता चालत नाही. औषध म्हणून चालायचे तर सलग आणि झपाझप चालावे लागते. चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येता कामा नये. ही त्याची सोपी खूण.

आता चालायचे कुठे? इमारतीखाली फूटपाथ आहे, पण तो मोटारसायकलींनी भरलेला. पहाटे अंधार आणि कुत्री. सकाळी सातची ड्यूटी, संध्याकाळी स्वयंपाक. आईचे हाल पाहून मुलाने मोबाईलवरून ट्रेडमिल मागवली. २,००० रुपयांचे १२ हप्ते. महिनाभर घरात सगळे चालले. दुसऱ्या महिन्यात पट्टा अडखळू लागला, चौथ्या महिन्यात यंत्र बंद पडले, आणि सहाव्या महिन्यात त्यावर ओले कपडे वाळू लागले. हप्ते मात्र चालूच होते.

अर्ज लिहिण्यापूर्वी वस्तू पाहावी हा आमचा कारकुनी शिरस्ता. आम्ही पत्नीसह चौथ्या मजल्यावर गेलो. वॉरंटी कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेले चष्मा पुसून वाचले, तेव्हा कळले की दोष एकट्या कंपनीचा नव्हता. त्या यंत्राची वजनमर्यादा ९० किलो आणि घरातल्या यजमानांचे वजन ९६. यंत्राची वायर टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डात. पट्ट्याखाली घालायच्या तेलाची बाटली सील न फोडता कपाटात. कंपनीने याच गोष्टींवर बोट ठेवून हात वर केले होते. पण ज्या माणसाने यंत्र आणून जोडले, त्याने यातले एक अक्षरही सांगितले नव्हते. तो दोष कंपनीचाच.

त्यानंतर आमच्या वस्तीत आणखी तीन घरांनी आम्हांला विचारले, "भाऊ, घ्यावी का? कोणती घ्यावी?" म्हणून जे शिकलो ते आज सर्व वाचकांपुढे मांडतो.

या यंत्राचा इतिहासही मजेशीर आहे. १८१८ साली विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्याने तुरुंगातल्या कैद्यांसाठी पायांनी फिरवायचे मोठे चक्र काढले. कैद्यांनी तासन्‌तास त्याच्या पायऱ्या चढत राहायचे, ही शिक्षा. १८९८ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये ती बंद झाली. पुढे अमेरिकेत डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी फिरत्या पट्ट्यावर रुग्णाला चालवून हृदय तपासण्याची पद्धत बसवली आणि १९६३ साली ती प्रसिद्ध केली. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढत जातो. आपल्यापैकी ज्यांची 'टीएमटी' झाली आहे त्यांना हा अनुभव आहेच. त्याच दशकाच्या अखेरीस, डॉ. केनेथ कूपर यांचे 'एरोबिक्स' हे १९६८ चे पुस्तक वाचून विल्यम स्टॉब या अभियंत्याने घरात ठेवता येईल असे साधे यंत्र बनवले. म्हणजे जी शिक्षा कैद्यांना फुकट मिळत होती, ती आज आपण हप्ते भरून घरी आणतो! असो. वस्तू उपयोगाची आहे, पण ती पारखून घेतली पाहिजे.

गरज नाही असेही कोणी समजू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. हा श्रीमंतांचा रोग राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. पहिला विजेशिवाय, पायाच्या जोराने फिरणारा पट्टा. तो स्वस्त असतो. साधारण आठ ते पंधरा हजारांत मिळतो. पण तो फिरवायला दांडी धरून रेटावे लागते, वेग एकसारखा राहत नाही आणि गुडघ्यांवर ताण येतो. साठीच्या माणसासाठी हे यंत्र घेऊ नये असे आमचे मत आहे. दुसरा, पलंगाखाली सरकवता येणारा चपटा पट्टा. जागा कमी घेतो, पण बहुतेकांना धरायला दांडी नसते. ज्याला चक्कर येते, ज्याच्या तळपायाला मुंग्या येतात, त्याने याच्या वाटेला जाऊ नये. तिसरा मोटारीचा, दांडी असलेला आणि घडी होणारा. पंधरा ते तीस हजारांच्या दरम्यान चालण्यापुरता बरा मिळतो. मधुमेह-रक्तदाबाच्या घरात हाच विचारात घ्यावा.

आता पारख. पहिली गोष्ट मोटारीची. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '४ एचपी' लिहिलेले असते आणि खाली बारीक अक्षरांत 'पीक' असते. पीक म्हणजे क्षणभर मिळणारा जोर. सलग किती जोर मिळतो ते 'कंटिन्युअस' या शब्दापुढे लिहिलेले असते. तोच आकडा विचारावा. नुसते चालायचे तर दीड ते दोन एचपी पुरते, धावायचे असेल तर अडीच. दुकानदाराला हा आकडा सांगता आला नाही तर दुसरे दुकान पाहावे.

दुसरी गोष्ट वजनाची. घरातल्या सर्वांत जड माणसाच्या वजनात १५ ते २० किलो मिळवावे. यंत्राची मर्यादा त्याच्या वर असली पाहिजे. वहिनींच्या घरी १११ ते ११६ किलोंच्या वर मर्यादा असलेले यंत्र हवे होते. तिथे ९० किलोचे आले.

तिसरी पट्ट्याची. चालण्यासाठी ४० ते ४२ सेंटिमीटर रुंद आणि ११० ते १२० सेंटिमीटर लांब पट्टा पुरतो. धावणाऱ्या उंच मुलाला १३० ते १४० लांबी लागते. घरातला मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो म्हणून महाग यंत्र घेण्याचा मोह होतो. त्याने मैदानातच धावावे. भरतीची धाव मैदानावर होते, खोलीत नाही.

चौथी गोष्ट जागेची, आणि आपल्या घरांत तीच सर्वांत मोठी. उघडलेले यंत्र साधारण ५ फूट लांब. मागे किमान ६ फूट मोकळी जागा हवी, कारण पाय घसरला तर माणूस मागे फेकला जातो. मागे भिंत वा कपाट असेल तर तो पट्टा आणि भिंत यांच्यामध्ये अडकतो. म्हणजे ११ फूट झाले. १० बाय १२ च्या खोलीत पलंग उभा करून ठेवला तरच हे जमते. विकत घेण्यापूर्वी जमिनीवर वर्तमानपत्रे पसरून ही जागा आखावी आणि दोन दिवस ती तशीच मोकळी ठेवून पाहावी. घरात किती भांडणे होतात ते कळेल! वरही बघावे. पट्टा जमिनीपासून अर्धा फूट उंच असतो. पोटमाळ्याच्या खोलीत डोके आपटते, आणि डोक्यावर पंखा असेल तर हात वर करताच बोटे जातात.

पाचवी विजेची. यंत्राला अर्थिंग असलेला १६ अँपियरचा स्वतंत्र प्लग हवा. एक्स्टेन्शन बोर्ड नको. व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर लावावा, कारण अशा वेळी आधी जळते ते वेगाचे सर्किट आणि तेच महाग असते. विजेच्या बिलाची भीती मात्र बाळगू नये. अर्धा तास चालायला महिन्याला दहा-बारा युनिटांच्या वर जात नाही.

सहावी शेजाऱ्यांची. खालच्या मजल्यावर पाट्यावर वाटण वाटल्यासारखा आवाज जातो. जाड रबरी चटई घालावी आणि रात्री दहानंतर यंत्र लावू नये. आपल्या तब्येतीसाठी दुसऱ्याची झोप घालवणे बरे नव्हे.

ज्याची गरज नाही तेही सांगतो. मोठा पडदा, स्पीकर, ब्लूटूथ, आपोआप वर होणारा चढ, कमरेला लावायचा थरथरणारा पट्टा. थरथरण्याने चरबी वितळत नाही. या सगळ्यांचे पैसे वाचवून ते मोटारीत आणि मजबूत सांगाड्यात घालावेत. जुने यंत्र घ्यायलाही हरकत नाही. २०२० च्या टाळेबंदीत हौसेने घेतलेली कितीतरी यंत्रे नंतर घरोघरी पडून राहिली. मात्र घरातल्या सर्वांत जड माणसाने त्यावर पंधरा मिनिटे चालून पाहावे. जळका वास, पट्ट्याच्या उसवलेल्या कडा, पाऊल टेकताच बसणारा झटका, यांपैकी काही आढळले तर नमस्कार करून निघावे.

यंत्र आल्यावर पट्ट्याखाली त्याच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे सिलिकॉनचे तेल घालावे. खोबरेल किंवा शिलाई यंत्राचे तेल घालू नये. पट्टा एका बाजूला सरकला तर मागच्या बोल्टला पाव फेराच द्यावा. चढताना कडेच्या पट्ट्यांवर पाय ठेवून उभे राहावे, कमीत कमी वेगाने सुरुवात करावी आणि लाल दोरीची चिमटी अंगावरच्या कपड्याला लावावी. तोल गेला की दोरी सुटते आणि यंत्र थांबते. साडीचा पदर आणि ओढणी खोचून घ्यावी. पायात बूट हवेत. साखरेच्या माणसाच्या पायाला जखम होणे परवडत नाही. इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्याने उपाशीपोटी चढू नये आणि खिशात साखर किंवा गुळाचा खडा ठेवावा. छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच थांबावे. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवातच करू नये.

लहान मुले असतील तर ती दोरी-किल्ली काढून उंच फळीवर ठेवावी आणि प्लगही काढावा. मुष्टियोद्धा माइक टायसन यांची चार वर्षांची मुलगी २००९ साली घरातल्या ट्रेडमिलच्या वायरीत मान अडकून दगावली. पैसा असलेल्या घरात हे झाले. आपल्या दाटीवाटीच्या घरात किती जपायला हवे!

आता आमचा आवडता भाग, म्हणजे हिशेब. 'बिनव्याजी हप्ता' हा शब्द ऐकला की आधी रोखीची किंमत विचारावी. वहिनींचे यंत्र हप्त्यांत २४,००० ला आणि दुकानात रोखीने २२,००० ला मिळत होते, शिवाय हप्त्यांवर प्रोसेसिंग फी वेगळी. मग व्याज कुठे गेले? ते किमतीत लपले. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते.

यंत्र २४,०००, प्लग व स्टॅबिलायझर २,५००, चटई १,०००. झाले २७,५००. पाच वर्षांचे तेल-दुरुस्ती वर्षाला १,५०० प्रमाणे ७,५००. एकूण ३५,०००. आठवड्यातून पाच दिवस, पाच वर्षे चालले तर १,३०० दिवस. दिवसाला २७ रुपये. ही काही जास्त रक्कम नाही. पण तीन महिन्यांत कंटाळा आला तर दिवस भरतात ६५, आणि एका दिवसाची किंमत होते ४२३ रुपये! यंत्र स्वस्त की महाग हे दुकानात ठरत नाही, ते आपल्या पायांवर ठरते.

म्हणून आमची सूचना अशी. घेण्यापूर्वी ४० दिवस इमारतीच्या गॅलरीत चालून पाहा. ६० फुटांच्या गॅलरीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११० वेळा गेले की दोन किलोमीटर होतात. आपल्या वाचकांना चंक्रमण हा शब्द नवा नाही. ठरावीक जागेत येरझारा घालण्याचे पाच लाभ अंगुत्तर निकायात सांगितले आहेत. त्यांत अन्न नीट पचणे आणि आजार कमी होणे हे दोन आहेत. त्याला पैसा लागत नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तरी साखर चढायला आळा बसतो. चाललेल्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. ४० पैकी ३० खुणा झाल्या तर खुशाल यंत्र घ्या. झाल्या नाहीत तर पैसे बँकेतच राहू द्या.

वहिनींच्या अर्जाचे काय झाले? आम्ही दोन पानी अर्ज लिहिला. वजनाची मर्यादा आणि प्लगची अट जोडणाऱ्या माणसाने सांगितली नाही, हे त्यात स्पष्ट मांडले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो, दोन वर्षांपर्यंत करू शकतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, याची आठवण दिली. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारही नोंदवली. कंपनीचा माणूस तिसऱ्या आठवड्यात आला, सर्किट बदलले, पट्टा बदलला. यजमानांनी त्यावर चढायचे नाही असे ठरले. बिल, वॉरंटी कार्ड आणि दुकानदाराचे मेसेज जपून ठेवले होते म्हणून हे झाले. प्रत्येकाने ते जपावेत.

यंत्र सुरू झाले ते पाहायला वहिनींनी आम्हां दोघांना चहाला बोलावले. संध्याकाळी साडेसातला त्या पट्ट्यावर चढल्या. दोन मिनिटे झाली आणि कुकरची शिटी झाली. त्या उतरल्या. परत चढल्या तर दाराची बेल. मग मुलाने आतून विचारले, "आई, चार्जर कुठंय?" मग सासूबाईंच्या गोळ्या. बारा मिनिटांत यंत्र चार वेळा थांबले. या वेळी दोष मोटारीचा नव्हता.

जिना उतरताना आमच्या पत्नी म्हणाल्या, "अर्ज कंपनीला लिहिलात ते ठीक. पण दुसरा अर्ज घरच्यांना लिहायला हवा होता." आम्ही काही बोललो नाही. कारण त्याच सकाळी आमचा चष्मा सापडेना म्हणून आम्हीच त्यांना न्हाणीघरातून हाक मारून बाहेर काढले होते.

आम्ही मोटार मोजली, पट्टा मोजला, खोली मोजली, रुपये मोजले. बाईचा अर्धा तास मोजायचा राहूनच गेला. तो बाजारात मिळत नाही. तो घरातल्या माणसांनीच द्यायचा असतो. वहिनींच्या घरी दुसऱ्या दिवशी बैठक झाली. हो, बैठकच, आम्ही अध्यक्ष! आठ ते साडेआठ कुकर यजमानांकडे, दार मुलाकडे, आजींच्या गोळ्या नातीकडे. त्या अर्ध्या तासात आईला हाक मारायची नाही, असा ठराव झाला. तो मोडतोही अधूनमधून. पण वहिनींची तीन महिन्यांची साखर ९.१ वरून ७.८ वर आली आहे. गोळ्यांचा वाटा त्यात आहेच, आणि अर्ध्या तासाचाही आहे असे त्यांचे डॉक्टर म्हणतात.

वाचक बंधूंनो, यंत्र घ्या अथवा घेऊ नका. तो अर्धा तास मात्र आज रात्रीपासूनच द्या. आमच्या घरी आता चष्मा आम्हीच शोधतो. सापडायला वेळ लागतो, पण सापडतो.